डोराचा नंबर

"लायल, तुझ्या हातावरचं हे नाव वाळूनं निघेल का रे?"

टॅमसिननं विचारलं आणि मोबाइल धरलेला हात पटकन पाठीमागे नेला. मोबाइलच्या पलीकडे जोर्जा आणि ब्रायडी श्वास रोखून ऐकत होत्या. पैज त्यांचीच. काल शाळेच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून जोर्जा म्हणाली होती, "तू फार शूर झालीयेस ना हल्ली? मग लायलला त्याच्या टॅटूबद्दल विचारून दाखव." वाळूच्या फवाऱ्यानं लोखंडावरचा गंज काढून देणाऱ्या लायलशी गावात कुणी बोलायचं नाही. लोक गंजलेली फाटकं, नांगराचे फाळ त्याच्या आवारात टाकायचे आणि सटकायचे. त्याच्या हातावर निळ्या अक्षरांत 'शरेल' लिहिलं होतं, बाजूला एक गुलाब होता, तो कोबीसारखा दिसायचा. शरेल त्याला सोडून एका लोकर कातरणाऱ्याबरोबर पर्थला पळून गेली त्यालाही आता किती वर्षं झाली. सगळ्या गावाला माहीत. विचारायची मात्र कुणाची छाती झाली नव्हती.

लायलनं हाताकडे पाहिलं, जणू ते नाव तिथं आहे हे त्याला आत्ताच कळत होतं.

"निघेल की," तो म्हणाला. "नाव निघेल, गुलाब निघेल, मग कातडी, मग मांस. शरेल तेवढी हाडावर राहील." आणि तो खोकल्यासारखं काहीतरी हसला. "तुझ्या त्या दोघींना सांग, पैज हरल्या. आता मला सांग, तुझं झाकून झालं का सगळं?"

"झालं."

"नंबर?"

"झाकला ना! पहिला तोच झाकला."

टॅमसिन हे इतक्या ठसक्यात म्हणाली की लायलनं पुन्हा विचारलं नाही. गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात हात वर करायलाही घाबरायची. मग मुलींच्या फुटीच्या, म्हणजे इकडच्या फुटबॉलच्या, टीममध्ये तिनं एकदा पन्नास पावलांवरून गोल मारला, सगळं मैदान गाड्यांचे हॉर्न वाजवायला लागलं, आणि तेव्हापासून तिला वाटायला लागलं की आपल्याला जमत नाही असं फारसं काही उरलेलं नाही.

लायलनं डोक्यावर तो जाड टोप चढवला, हवेची नळी जोडली आणि पत्र्याच्या शेडमध्ये गेला. आत दोन लाकडी घोड्यांवर डोराचा सांगाडा उघडावाघडा पडला होता.

डोरा म्हणजे पॉपची, टॅमसिनच्या आजोबांची, १९२७ सालची उघडी टूरर मोटार. तिची चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, अमेरिकेतून जहाजानं आली, पत्रा ॲडलेडला चढला, आणि गव्हाच्या एका चांगल्या वर्षी पॉपच्या बापानं ती घेतली. पॉप जन्मला तेव्हा याच गाडीतून घरी आला. नॅन, टॅमसिनची आजी, लग्न लावून याच गाडीतून आली. पुढे ती शेडमध्ये इतकी वर्षं उभी राहिली की कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या. नॅन गेल्यावर पॉपनं एक दिवस कोंबड्यांना हाकललं, टॅमसिनच्या हातात पाना दिला, आणि तेव्हापासून ती दोघं दर रविवारी डोराचा एकेक बोल्ट सोडवत बसायची.

आता पॉप हॉर्शमच्या इस्पितळात होता. ब्याऐंशीव्या वर्षी हा माणूस एका मेंढीमागे कुंपणावरून उडी मारायला गेला आणि खुबा मोडून घेतला. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण पॉप उठेचना. नर्स त्याला उभं करायला यायची, तो भिंतीकडे तोंड करायचा. जेवणाचं ताट तसंच परत जायचं. टॅमसिनचे डॅड बाहेर व्हरांड्यात येऊन नाक शिंकरायचे आणि गवताच्या परागकणांना शिव्या द्यायचे, मार्च महिन्यात, इकडे सगळं गवत वाळून गेलेलं असताना! फक्त डोराचा विषय निघाला की पॉप तोंड इकडे वळवायचा.

"चॅसी कधी देताय लायलकडे?"

"शनिवारी, पॉप."

"ईस्टरच्या रॅलीला उभी राहील?"

"राहील. तू उभा राहशील का ते सांग."

पॉपच्या डोळ्यांत जरा जान आली. "ती राहिली की मी राहीन," तो म्हणाला. "हॉलपासून नदीच्या पुलापर्यंत नेईन आणि परत आणीन. तेवढं एकदा करू दे. मग मला कुठं टाकायचं तिथं टाका."

त्या दिवसापासून सगळं घर डोराच्या चाकांवर चाललं होतं.

पॉपनं पलंगावर पडल्या पडल्या तिला सगळं सांगितलं होतं. लोक वाळू म्हणतात, पण असतो तो गार्नेट नावाच्या दगडाचा तांबूस चुरा. हवेच्या जोरावर सुटला की गंज, डांबर, जुना रंग सगळं उडवून लावतो आणि खाली करडं कोरं लोखंड उरतं. पण त्या चुऱ्याला घाण कुठली आणि घरचं कुठलं ते कळत नाही. म्हणून जे वाचवायचं ते झाकायचं. आट्यांच्या भोकांत ग्रीस लावलेले जुने बोल्ट पिळायचे. बेअरिंगच्या जागी झाडूच्या दांड्याच्या तासलेल्या खुंट्या ठोकायच्या. मोठ्या भोकांत चिंध्या कोंबायच्या आणि त्यांचं शेपूट बाहेर ठेवायचं, म्हणजे एखादी आत विसरत नाही. आणि वरून टायरच्या ट्यूबचं रबर चिकटवायचं, कारण नुसती चिकटपट्टी वाळूपुढे क्षणभर टिकत नाही, रबर मात्र वाळूला उलटं फेकतं. टॅमसिननं रबराची प्रत्येक कड नॅनच्या जॅमच्या चमच्यानं घासून घासून बसवली होती. इतकं देखणं काम तिनं शाळेच्या कुठल्याही प्रोजेक्टला केलं नव्हतं.

"आणि नंबर," पॉपनं तिचं मनगट धरलं होतं. "बाकी काही गेलं तर दुसरं मिळतं. चॅसीवरचा नंबर गेला तर डोरा गेली. मग ती डोरा नाही, भंगारातून जुळवलेली कुठलीतरी गाडी. आधी खरवडून बघ, मग झाक."

"माहितेय, पॉप."

"खरवडून."

"माहितेय रे!"

आणि खरंच तिला माहीत होतं. तिनं एका दाढीवाल्या अमेरिकन माणसाचा व्हिडिओ दोनदा पाहिला होता. त्याची गाडी हुबेहूब डोरासारखी, आणि त्यानं बोट ठेवून दाखवलं होतं: चॅसीचा डावा दांडा, पुढच्या स्प्रिंगच्या मागे. डोराच्या डाव्या दांड्यावर तिथं डांबर, ग्रीस आणि मेंढ्यांच्या लेंड्या यांचं बोटभर जाड कवच होतं. वास असा की नको. शिवाय त्या संध्याकाळी फुटीचा सराव होता. टॅमसिननं कवचावरच रबराचा एक सुबक चौकोन चिकटवला, चमचा फिरवला, आणि बूट बांधून पळाली.

शेडमधून आता कान किटवणारी सळसळ येत होती. टॅमसिन तोंडाला मास्क लावून बाहेर उलट्या टाकीवर बसली. लायलनं डावी बाजू पुरी केली, नळी सोडली, आणि चहाला बाहेर आला. त्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तिच्यापुढे अर्धी व्हॅनिला स्लाइस सरकवली.

"हे कशाबद्दल?" टॅमसिननं विचारलं.

"रबराच्या कडा चांगल्या बसवल्यास. दहा माणसं येतात, नऊ जणांच्या कडा उडतात."

टॅमसिनला आभाळ ठेंगणं झालं. चहा संपवून लायल पुन्हा टोप घालून आत गेला, उजव्या बाजूला. शेडच्या मागच्या दारातून डावा दांडा हाताच्या अंतरावर होता. टॅमसिननं मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला.

"जोर्जा, ब्रायडी, बघा आता. शंभर वर्षं झाकलेली गोष्ट पहिल्यांदा बघायला मिळणार आहे तुम्हाला."

"शरेल का?" ब्रायडी म्हणाली.

"गप गं. डोराचा नंबर."

तिनं रबराची कड नखानं उचलली आणि चौकोन सोलून काढला. खाली ते काळं कवच जसंच्या तसं होतं. भोवती सगळं लोखंड करडं स्वच्छ, आणि मध्ये हा काळा चौकोन. तिनं खिशातली सुरी काढली, कवच खरवडलं, चिंधीनं पुसलं.

खाली काहीच नव्हतं.

तिनं अजून खरवडलं. पुढे खरवडलं, मागे खरवडलं. गुळगुळीत लोखंड. एक रेघसुद्धा नाही.

"टॅम? दिसत नाहीये काही," जोर्जा म्हणाली.

टॅमसिनला पॉपचे पाय आठवले. डोराच्या पॅडलवर ठेवलेले, तपकिरी बुटातले. उजव्या बाजूला. पॉप उजवीकडे बसतो. आपण सगळेच उजवीकडे बसतो. दाढीवाला डावीकडे बसतो. नंबर चालकाच्या पायाशी. इकडे पाठवलेल्या गाड्यांचा नंबर त्यांनी चालकाच्या बाजूलाच ठोकला असणार, आणि ती बाजू आत्ता लायलच्या नळीसमोर होती.

"लायल!"

टोपातल्या माणसाला काय ऐकू येणार? टॅमसिन किंचाळली, हात हलवले, धुळीत तिला तो नीट दिसतही नव्हता. मोबाइल कुठं पडला तिला कळलं नाही. ती शेडला वळसा घालून धावली, पिवळ्या कॉम्प्रेसरपाशी गेली आणि लाल दांडी दोन्ही हातांनी खाली ओढली. मशीन धापा टाकत गप्प झालं. नळी मेलेल्या सापासारखी लुळी पडली.

लायल टोप काढत बाहेर आला. "कोण मेलं?"

"नंबर," टॅमसिन म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. "नंबर उजवीकडे आहे."

लायलनं तिच्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

उजवा दांडा पुढून जवळजवळ मागपर्यंत करडा झाला होता. स्प्रिंगच्या मागे, पॅडल जिथं बसतं तिथं, लोखंड बाकी जागेसारखंच कोरं होतं. टॅमसिननं त्यावर हात फिरवला. पुन्हा फिरवला. बोटांना काही लागेना.

"मी तिथं जरा जास्तच रेटलं," लायल हळूच म्हणाला. "घट्ट बसलेली घाण होती. मला वाटलं..."

"तू विचारलंस मला. मी म्हटलं, झाकला."

तिथंच मातीत बसून तिनं गुडघ्यांत तोंड खुपसलं. आता काय सांगायचं पॉपला? तो भिंतीकडे वळेल, आणि या वेळी परत फिरणार नाही. रबराच्या कडा बसवणारी मी! चमचा फिरवणारी मी! आणि अर्धा तास खरवडायचा कंटाळा.

"ऊठ," लायल म्हणाला. "रडायला रविवार आहे. तो टॉर्च आण."

त्यानं शेडचं दार ओढून अंधार केला आणि टॉर्च दांड्यावर आडवा टेकवला, असा की उजेड लोखंडावरून नुसता घसरत गेला. "पंच ठोकतात तेव्हा लोखंड नुसतं वरून खोलगट होत नाही. खालीही दबतं, म्हणून वरचं गेलं तरी खूण उरते. बघ. डोळे फाडून बघ."

टॅमसिननं गाल लोखंडाला लावला. आधी काहीच दिसेना. मग लायलनं टॉर्च केसभर वळवला, आणि करड्या पृष्ठभागावर एक सावली उमटली. सात. तिच्या बाजूला एकाची उभी रेघ. पुढे काहीतरी गोल, शून्य किंवा सहा, अर्धंच. त्याच्या अलीकडचे आकडे साफ गेले होते.

"सात-एक-सहा!" ती ओरडली. "शेवटी सात-एक-सहाच आहे! पॉप मला लहानपणी गाडीच्या कागदांवरच्या नंबरावरनं मोजायला शिकवायचा."

"दिसतंय," लायल म्हणाला. "पण संध्याकाळपर्यंतच. कोरं लोखंड आहे. रात्री दव पडलं की सकाळी लालभडक. मला आजच प्रायमर मारायला हवा. आणि प्रायमर मारला की ही सावली संपली."

बाहेर ट्रेलरचा खडखडाट ऐकू आला. तिचे आईवडील हॉर्शमहून पॉपला भेटून परस्पर इकडेच आले होते. आई उतरली ती हसतच. "टॅम, ऐक ना! पॉप आज दोन पावलं चालला! नर्सला म्हणाला, माझी नात चॅसी घासून घेतेय, मला सराव करायला हवा!"

टॅमसिनला भोकाड पसरावंसं वाटलं. तिनं सगळं सांगितलं, एका दमात, काही न लपवता. आई ट्रेलरच्या कडेवर बसली. वडिलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आत जाऊन दांडा पाहिला, बाहेर आले.

"रॅलीआधी गाडी तपासायला कोण येणार आहे?" आईनं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"एल्विन," वडील म्हणाले. 

एल्विन जुन्या गाड्यांच्या क्लबसाठी रॅलीच्या गाड्या तपासतो. त्याच्या आधी ते काम पॉपकडे होतं, आणि तेव्हा पॉपनं एल्विनची गाडी नाकारली होती. एल्विननं गंजलेला नंबर घरी बसून नव्यानं ठोकला होता. आकडे खरे होते, पण ठोकलेले नवे होते, आणि पॉपनं ते भर मैदानात सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. तेव्हापासून ते दोघं, शाळेतले मित्र, एकमेकांना पाहिलं की बेकरीच्या दारातूनच मागे फिरतात.

"तो पहिला नंबरच बघणार," आई म्हणाली. "भिंग घेऊन बघणार."

वडिलांनी टोपी पुन्हा घातली. "पॉपच्या शेडमध्ये आकड्यांचे पंच आहेत. जुने, त्याच काळातले. नंबर आपल्याला पाठ आहे. मी ठोकतो. वरून लायल प्रायमर मारेल, मग काळा रंग. एल्विनचा चष्मा बघितलात का, बाटलीचं बूड. त्याला काय कळतंय!"

"मी काही पाहिलं नाही," लायल आभाळाकडे बघत म्हणाला.

"डॅड, पॉपनं यावरूनच तर एल्विनला—"

"पॉपला सांगायचंच नाही, टॅम." वडील म्हणाले. "तो आज दोन पावलं चालला. दोन! तू पाहिलं असतंस तर असं बोलली नसतीस. तुला काय वाटतं, मला आवडतंय हे? मला माझा बाप घरी हवाय."

आईनं टॅमसिनच्या डोक्यावरचा लाल चुरा झटकला. "बाळा, नंबर तोच आहे. गाडी तीच आहे. कुणाचं काय बिघडतंय?"

क्षणभर टॅमसिनला ते अगदी पटलं. हातोड्याचे थोडे घाव, आणि झालं. पॉप गाडीत बसेल, पुलापर्यंत जाईल, लोक हॉर्न वाजवतील. तिनं डोळे मिटून ते पाहिलंसुद्धा. पॉप स्टिअरिंगवर हात टेकून ताठ बसलाय, आणि त्याच्या तपकिरी बुटांशी नवा ठोकलेला नंबर आहे. त्याला माहीत नाही. एल्विनसमोरून जाताना तो मान वर करून जाईल, आणि मान वर करायचा त्याचा हक्क आपण मागच्या मागे खरवडून टाकलेला असेल. त्याला न विचारता.

वाळू मारल्यासारखंच की ते.

शेडच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि दांड्यावर आडवी पसरली होती. टॅमसिननं वाकून पाहिलं. आता टॉर्चसुद्धा लागत नव्हता. सात, एक, आणि ते अर्धं सहा. सूर्य गव्हाच्या सायलोच्या उंच कोठारामागे जाईपर्यंत ते असंच दिसणार होतं.

लायलच्या बाकाखाली तिला तिचा मोबाइल सापडला. काच तडकलेली, पण फोन चालूच होता.

"टॅम," जोर्जाचा बारीक आवाज आला. "आम्ही अजून आहोत गं. आम्ही सगळं ऐकलं."

"मग ऐकत राहा," टॅमसिन म्हणाली आणि आईवडिलांकडे वळली.  

"डॅड, तू पंच आणायचे नाहीस. लायल, तू प्रायमरचा डबा उघडायचा नाहीस, मी येईपर्यंत. मम, तू मला आत्ता एल्विनच्या घरी नेणार आहेस. मी त्याला सांगणार आहे की नंबर माझ्या हातानं गेला, आणि त्याला इथं आणून या उन्हात जेवढं उरलंय तेवढं त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावणार आहे, म्हणजे ही खरी डोराच आहे हे तोच सांगू शकेल. त्यानं शिव्या दिल्या तर खाईन. नाही म्हणाला तर त्याच्या दारात बसेन."

"आणि पॉप?" वडिलांनी विचारलं.

"पॉपला वाटेत फोन करते. त्याला पहिल्यांदा माझ्याकडूनच कळलं पाहिजे." तिनं दाराकडे बोट केलं. "मम, गाडी काढ. ऊन चाललंय."